दोन उभे, एक आडवा

घाटाला कुलूप लागलं तेव्हा आमचे अर्धे कपडे पाण्यातच होते.

घाट म्हणजे फार काही नाही. टेकाडाखाली सिमेंटचा एक हौद, त्याच्यावर मनगटाएवढा जाड नळ, आणि दोन्ही बाजूंना धुण्याचे दगड. लांबून सगळे दगड सारखेच दिसतात. पण कोणाचा कुठला हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. आमचा अगदी कडेचा, मधे खोलगट. बाबांच्या आईने त्याच्यावर जन्मभर आपटलंय, मग बाबांनी, मग आईने. शाळा सोडल्यापासून मी पण.

नगरपालिकेची गाडी आली आणि आधी भोंगा बोलला, मग माणसं उतरली. गावात जुलाब-उलट्यांचं दुखणं पसरलंय, शाळेचा दवाखाना झालाय, हे आम्हाला माहीत होतं. कपड्यांवरून आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. पण ते दुखणं आमच्या घाटावरून पसरलं, हे आम्हाला भोंग्याने सांगितलं.

पुढे कॉलर. आरोग्य खात्याचा साहेब. आम्ही गिऱ्हाइकांना नावाने ओळखत नाही, कपड्याने ओळखतो. ह्याच्या शर्टाची कॉलर इतकी मळते की बाबा म्हणतात, हा माणूस मानेने लिहितो की काय.

"सगळ्यांनी पाण्यातून बाहेर या," कॉलर म्हणाला. "घाट बंद. आजाऱ्यांचे कपडे इथे धुता, तेच पाणी झिरपून गावच्या विहिरीत जातं."

बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांची कंबर कामातून गेलीय, एकदा वाकले की सरळ व्हायला वेळ लागतो. तसेच वाकलेले हात जोडून म्हणाले, "साहेब, एवढे पिळून घेतो."

"पिळायचं नाही. बाहेर."

"विहीर वरच्या अंगाला आहे," मी म्हटलं. "पाणी काय टेकाड चढून जातं का? त्याला पाय फुटले?"

"ही कोण?"

"आमची पोरगी, साहेब. चटके, गप बस."

घरात मला चटका म्हणतात. इस्त्रीवाल्याच्या घरात ह्याच्यापेक्षा बरं नाव कुठून मिळणार!

कॉलरच्या माणसांनी पोतं फोडलं आणि ब्लीचिंग पावडर टोपलीने फेकायला लागले. दगडांवर, हौदात, आणि बाजूला पिळून ठेवलेल्या गाठोड्यांवर. त्यात रंगीत शर्ट होते. आई ओरडली, "अहो, ते लोकांचे आहेत! थांबा!" तिने गाठोडं पोटाशी धरून ओढलं. पावडर तिच्या डोळ्यात गेली. तरी सोडेना. मग त्यांनी नळाच्या चाकाला साखळी घातली, साखळीला कुलूप, कुलपावर कापड गुंडाळून लाखेची मोहोर. एवढा बंदोबस्त मी बँकेलाही बघितला नाही.

घरी येऊन गाठोडं सोडलं तर निळ्या शर्टावर पांढरे चट्टे, लाल झग्याला कोड फुटल्यासारखं. बाबा एकेक कपडा उचलून उजेडात धरायचे आणि खाली ठेवायचे.

"द्यायला कोण जाणार?" वहिनी म्हणाली.

आम्हीच जाणार. दुसरं कोण!

बँकेच्या कॅशियरच्या घरी मी गेले. त्याची बायको गिऱ्हाईक म्हणून चांगली, सणकी आहे पण मोजून कपडे देते, मोजून घेते. त्या दिवशी तिने दार निम्मंच उघडलं. हातात पडदे काढायची काठी.

"तिथेच ठेव. पायरीवर."

ठेवले. तिने काठीच्या टोकाने वरचा शर्ट उचलला, चट्टे बघितले आणि काठी झटकली. शर्ट रस्त्यावर पडला.

"आधी दुखणं वाटलंत, आता कपडे नासवलेत."

"नासवले तुमच्या नगरपालिकेने."

"तोंड बघ कसं चालतंय! उद्यापासून येऊ नकोस."

"काठी धुवून घ्या," मी म्हटलं. "ती कपड्याला लागलीय."

दार धाडकन आपटलं. मी शर्ट उचलला, झटकला, घडी घातली आणि पायरीवर ठेवला. घडी नीट घातली, कारण घडी वाकडी गेली तर आई मारते. घरी येईपर्यंत माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते.

आठवडा तसाच गेला. इस्त्रीचे कोळसे विझलेले, दोऱ्या रिकाम्या. वारा सुटला की रिकाम्या दोऱ्या हुं हुं करतात, हे मला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं. कायम कपडे असायचे ना. गल्लीतली पोरं गावच्या नळावर पाण्याला गेली की लोक त्यांना रांगेत मागे सरकवायचे. दादा लांब ट्रकवर होता, त्याचा फोन आला की आई म्हणायची, "सगळं बरं आहे." आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायची.

मग कॉलर आमच्या घरी आला. स्वतः, पायी, मागच्या बोळाने. नाकावर रुमाल.

"बाई," आईला म्हणाला. घाटावर 'बाहेर या' आणि इथे 'बाई'. "दवाखान्यात चादरी संपल्यात. बाहेरगावचा एक मशीनवाला ठरवला होता. त्याने एक गाडी नेली, पोती उघडून बघितली आणि तशीच परत पाठवली. माणसं नुसत्या फरशीवर झोपलीत."

"मग?" मी म्हटलं.

"तुम्ही धुवा. घाटावर नाही. जुन्या खाणीत. पाण्याचा टँकर देतो, लाकडं देतो. पण मागच्या फाटकाने न्यायच्या, मागच्या फाटकाने आणायच्या. कोणाला बोलायचं नाही. लोक घाबरतात."

मला हसायलाच आलं. "म्हणजे आमच्या हाताने दुखणं पसरतं, आणि दुखण्याची चादर पण आमच्याच हातात? चोराच्या उलट्या बोंबा! आधी घाट उघडा, मग बोला."

"चटके," बाबा म्हणाले.

"काय चटके? खोटं बोलतेय का मी?"

कॉलर माझ्याकडे न बघता आईकडे बघत राहिला. आईने विचारलं, "फरशीवर झोपलीत?"

"हो."

"लहान पोरंही?"

"हो."

आई उठली, भिंतीवरची मोठी पळी काढली. भट्टीत कपडे ढवळायची, माझ्या उंचीची. "लाकडं सुकी पाठवा," ती म्हणाली. "ओली पाठवलीत तर नुसता धूर होतो, पाणी उकळत नाही."

कॉलर गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. "तोंडावर थुंकतात आणि तू त्यांचे रुमाल धुतेस!"

"चादर कोणाची दुश्मन असते का गं?" आई म्हणाली. "धुणं ते धुणं."

"आणि घाट?"

"घाटाचं बघू."

"कधी बघू? दगड उपटल्यावर?"

तिने सोड्याचा डबा हलवून बघितला.

खाणीत सावलीचं नाव नाही. चारी बाजूंना कापलेला दगड, तो दुपारी तव्यासारखा तापतो, आणि मधे आमची भट्टी. तांब्याचा मोठा हंडा, खाली जाळ. पोती उघडली की पहिल्यांदा माशा उठायच्या, मग वास. तो वास मी लिहीत नाही. पहिल्या दिवशी मी दोनदा ओकले, मग पोटात काही राहिलंच नाही तर ओकणार काय! आई नाकाला काही बांधायची नाही. म्हणायची, "नाक बांधलं तर डाग कुठे आहे कळत नाही." बाबा जाळ घालायचे, बसून, कारण उभं राहवत नाही. आई पळीने ढवळायची. तिच्या दंडावर वाफेचे लाल पट्टे उठलेले. मी बाहेर काढून आपटायचे, एका सपाट चिऱ्यावर. परका दगड. त्याला आपला हात माहीत नाही, पाणी कुठेही उडतं, मनगट दुखून येतं. आमच्या दगडाची खोली आठवायची आणि मी आणखी जोरात आपटायचे.

"चादर धुतेस की साहेबाला?" बाबा विचारायचे.

"दोघांना."

वहिनीच्या बोटांना सोड्याने भेगा पडल्यात, रक्त येतं, तिला पिळता येत नाही. म्हणून ती वाळलेल्या चादरी गोळा करायची, घड्या घालायची, आणि बसल्या जागी खुणा करायची.

खूण म्हणजे टाके. गावातल्या सगळ्या घरांचे कपडे एकाच भट्टीत उकळतात, मग कोणाचं कोणतं कसं कळणार? म्हणून प्रत्येक घराची खूण असते, कोपऱ्यात, आतल्या बाजूला. कॅशियरची निळी फुली. अध्यक्षांचे तीन काळे ठिपके. नगरपालिकेचे अध्यक्ष, त्यांच्या पांढऱ्या कपड्यांना दुप्पट खळ लागते, पँट भिंतीला टेकवली तर एकटी उभी राहील. आणि आमच्या स्वतःच्या घराची खूण लाल, दोन उभे टाके आणि त्यांच्यावर एक आडवा.

दवाखान्याच्या चादरींना खूणच नव्हती. कोऱ्या आणलेल्या, एकसारख्या पांढऱ्या. वहिनीच्या हाताला कोरा कोपरा बघवला नसणार. एक चादर मांडीवर घेतली, कोपरा चाचपला, खूण सापडेना, आणि हाताने आपलं काम केलं. लाल दोरा, दोन उभे, एक आडवा. मग दुसरी. मग तिसरी. दिवसभर. आणि आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण खूण असलेली चादर आम्हाला दिसतच नाही. नसलेली दिसते.

खाणीच्या काठावर तपकीर मावशी येऊन उभी राहायची. आमच्या शेजारची. घाटावर तिचा दगड आमच्या दगडाला लागून. चिमटीभर तपकीर ओढायची, शिंकायची आणि वरून टोमणे फेकायची.

"काय गं, सरकारी नोकरी लागली वाटतं तुमच्या घराला!"

"या की मावशी," आई म्हणायची. "एक पळी रिकामी आहे."

"मी नाही बाई. घाट उघडल्याशिवाय मी त्यांचा हातरुमालसुद्धा धुणार नाही. तुम्ही करा पुण्य." आणि शिंक. पण जाताना एखादी सुकी फांदी भट्टीजवळ टाकून जायची. हात दाखवून नाही, पायाने सरकवून.

चादरी पोचवायला मी जायचे. शाळेच्या मागच्या फाटकाने. माझाच जुना वर्ग, जिथून मी डस्टर फेकून निघाले होते, तिथे आता खाटा. फळ्यावर सलाईनच्या बाटल्यांचा हिशोब. माणसांचे गाल आत गेलेले, डोळे खोल, ओठांवर पापुद्रे. पोरं रडायची तर आवाज नाही, नुसतं तोंड उघडायचं.

भिंतीकडच्या खाटेवर कॅशियरची बायको होती. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. काठी नव्हती ना हातात.

नर्सने सांगितलं म्हणून मी तिच्या खालची चादर बदलली. एका कुशीवर वळवलं, ओली काढली, कोरडी घातली, दुसऱ्या कुशीवर वळवलं. अंगात काही वजनच उरलं नव्हतं. मी तोंडावर फडकं बांधलेलं, तिने मला ओळखलं नाही. चादरीवर गाल टेकवून म्हणाली, "उन्हाचा वास येतोय गं. मशीनला असा वास येतो?"

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. पण ती डोळे मिटून नुसता वास घेत होती. मी ओली चादर उचलून बाहेर आले.

आणि बाहेर भोंगा ओरडत होता. "नागरिकांनी घाबरू नये. रुग्णांच्या सर्व चादरी बाहेरगावी अद्ययावत मशीनवर धुतल्या जातात. रोगाचे मूळ असलेला धुण्याचा घाट नगरपालिकेने कायमचा बंद केला आहे."

मी फाटकातच उभी. काखेत ती चादर. माझ्या पायावर तिचं पाणी ठिबकत होतं.

कायमचा.

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "भोंगा काय, काहीही बोलतो." आईने मात्र पळी खाली ठेवली. "कायमचा म्हणाला?"

"दोनदा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलर खाणीत आला. धावतच. हातात चादर, कोपरा चिमटीत धरलेला, जसं काही मेलेला उंदीर.

"हे काय आहे?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. बाबांनी डोळे बारीक केले. "खूण आहे, साहेब."

"कोणाची?"

"आमची."

"तुमची खूण सरकारी चादरीवर?" त्याचा आवाज फाटला. "सगळ्या चादरींवर आहे! एकूण एक! उद्या जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरबाई तपासणीला येतायत. अध्यक्ष त्यांना सांगणार मशीन, आणि प्रत्येक खाटेवर तुमचे लाल टाके!"

वहिनी उभी राहिली. तिचा चेहरा चादरीसारखा झाला. "मी केलं. मला... साहेब, सवय हो. कोरं सोडवत नाही."

"उसवा. सगळे. ब्लेड घ्या आणि उसवा. खाटांवरच्या पण पाठवतो. सकाळपर्यंत एक टाका दिसता कामा नये." मग तो आईकडे वळला आणि आवाज मऊ केला. लोण्यात सुई असावी तसा. "बाई, अध्यक्षांनी सांगितलंय. हे एवढं केलंत तर घाटावरचे दगड राहतील. महिना-दोन महिन्यांनी बघू उघडायचं. नाहीतर परवा खोदायचं मशीन लावून दगड उपटायचे ठरलंय. तुमचं तुम्ही ठरवा."

"ह्या चादरी कोणी धुतल्या म्हणून उद्या सांगणार?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"भट्टीत हात घालून बघा, मग सांगते काय करायचंय."

तो गेला. थोड्या वेळाने खाटांवरच्या चादरींची पोतीही येऊन पडली. वहिनी रडायला लागली होती. "माझ्यामुळे. माझ्या ह्या मेल्या हातांमुळे."

बाबांनी दाढीचं ब्लेड काढलं. बसले, चादर ओढली, कोपरा शोधला. "उसवू," ते म्हणाले. "टाकाच तर आहे. दगड राहिला तर सगळं राहिलं. पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"पाण्यात आहोत कुठे आपण?" मी ओरडले. "पाण्याला कुलूप आहे!" मी त्यांच्या हातातून ब्लेड ओढलं. अंगठा कापला, कळलंही नाही. ब्लेड दूर दगडात फेकलं. "काय राहिलं? दगड राहतील, पण गावात काय राहणार? की आपण दुखणं वाटलं. आणि कपडे धुतले मशीनने. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मी नाही उसवणार. तुम्ही उसवलंत तर मी परत घालेन."

"बापावर हात टाकतेस?"

"ब्लेडवर टाकला."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते भट्टीकडे वळून लाकूड सारायला लागले.

आई एवढा वेळ एका चादरीचा कोपरा बोटाने चाचपत होती. डोळे मिटून. टाके मोजल्यासारखी.

"सुनबाई," ती म्हणाली, "लाल दोरा किती उरलाय?"

वहिनीने डोळे पुसले. "बराच आहे. का?"

"कोपऱ्यातला टाका कोणाला दिसतो? साहेबालाच दिसला, तेही आज." आईने चादर पसरली, सगळी, गुळगुळीत खडकावर. मग सुई मागितली. ओवायला तिला दिसत नाही, मी ओवून दिली, माझ्या अंगठ्याचं रक्त दोऱ्याला लागलं, तरी लालच. आईने चादरीच्या बरोबर मधे सुई घातली. वीतभर लांब टाका. दुसरा. आणि त्यांच्यावर आडवा.

लांबून बघितलं. पांढऱ्यावर लाल. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"अगं, हे काय करतेस?" बाबा म्हणाले.

"उसवतेय," आई म्हणाली. "माझ्या पद्धतीने."

मग आम्ही बसलो. वहिनीच्या भेगांतून रक्त येत होतं, पण तिचा हात सगळ्यात वेगात. मी शिवणात ढ आहे, माझे टाके वाकडे. आई म्हणाली, "असू दे. वाकडे पण आपलेच." उन्हात डोळे दिपत होते, चादरी तापलेल्या, मांडी भाजत होती. काठावर शिंक आली.

"काय चाललंय गं? लग्न काढलंत की काय चादरींचं?"

आईने सांगितलं. सगळं. मशीन, डॉक्टरबाई, दगड. तपकीर मावशी काठावर उभी राहून ऐकत होती. मग डबी कमरेला खोचली आणि घसरत खाली उतरली.

"सुई द्या."

"मावशी, तू तर हातरुमालही धुणार नव्हतीस," मी म्हटलं.

"धुतला कुठे? शिवतेय. आणि तुम्ही एकट्यांनीच शिव्या खाल्ल्यात की काय? मी पण खाल्ल्यात. माझा पण वाटा आहे." तिने दोरा दाताने तोडला. "तुमचीच खूण घालते. माझी उद्या घाटावर घालेन."

बाबा बघत होते. शेवटी त्यांनी सगळ्या घड्या घातल्या. इस्त्री पेटवली. म्हणाले, "जायच्याच असतील तर सुरकुत्या घेऊन नको." आणि प्रत्येक घडी अशी घातली की खूण आत राहील. चादर खाटेवर उघडली तरच दिसेल. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात. पण इस्त्री जरा जास्तच आपटत होते.

सकाळी पोती मागच्या फाटकाने गेली. कॉलरने वरची घडी उचलली, कोपरे तपासले. कोपऱ्यातला टाका वहिनीने खरंच काढला होता. "शाब्बास," तो म्हणाला. नर्स चादरी घालायला लागली. पहिली खाट, दुसरी, तिसरी. नर्सने तोंडावर हात घेतला. पण ती थांबली नाही. ती पण आमची गिऱ्हाईकच. पिवळा एक टाका.

तेवढ्यात बाहेर गाड्या आल्या.

डॉक्टरबाई बुटकी, केस पांढरे, बाह्या दुमडलेल्या. मागे अध्यक्ष, कडक पांढरे, त्यांच्यामागे कॉलर. आम्ही मागच्या दारात उभे, आई, मी, वहिनी. जायला सांगितलं होतं. गेलो नाही.

अध्यक्ष बोलतच आत आले. "रोगाचं मूळ होता तो घाट, तो आम्ही बंद केला. चादरी सगळ्या बाहेरगावी, मशीनवर..."

आणि थांबले. खाटांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक खाटेवर, माणसाच्या कुशीशी, पोटाशी, मांडीशी, लाल. दोन उभे, एक आडवा. जणू खोलीवर कोणीतरी सही ठोकलीय.

"हे मशीनचं चिन्ह का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

कॉलरची कॉलर भिजली.

"मशीनचं नाही," भिंतीकडच्या खाटेवरून आवाज आला. कॅशियरची बायको कोपरावर रेलून उठत होती. "धुणाऱ्यांची खूण असते. आमची निळी फुली आहे. ही..." तिने चादरीकडे बघितलं, मग दाराकडे, माझ्याकडे. फडकं नव्हतं बांधलेलं. तिने मान खाली घातली. "ही त्यांची."

आई पुढे झाली. चपला दारात काढून. मी काढल्या नाहीत.

"आम्ही धुतल्या, डॉक्टरबाई. पहिल्यापासून सगळ्या. खाणीत."

"खाणीत? पाणी?"

"टँकरचं. पुरत नाही. उकळायला पुरतं, खळबळायला पुरत नाही. घाटावर पुरलं असतं."

"उकळता किती वेळ?"

"डाग जाईपर्यंत. माणूस आजारी आहे, चादर राहायला नको."

"आणि तुमच्या घरात कोणी आजारी पडलं?"

"नाही."

डॉक्टरबाई अध्यक्षांकडे वळल्या. "घाटाच्या पाण्याचा तपास झालाय?"

अध्यक्षांनी कॉलरकडे बघितलं. कॉलरने नर्सकडे. नर्सने छताकडे.

"आणि विहिरीच्या?"

"ते... बैठकीत विषय घेतलाय," अध्यक्ष म्हणाले.

"दोन्हीकडचं पाणी आज बाटलीत हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुलपाचं मी लिहीन वर. पण आदेश यायला वेळ लागेल."

"म्हणजे तोवर दगड उपटून मोकळे," मी म्हटलं.

"चटके!" आई म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. मला वाटलं, तिला ते स्वतःच बोलायचं होतं.

बाहेर पटांगणात कॉलरने आम्हाला गाठलं. खालच्या आवाजात म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण केलंत. उद्या सकाळी मशीन येतंय घाटावर. बघतोच."

"या," आई म्हणाली. "चहा सांगू का मशीनला?"

मी आईकडे बघतच राहिले. एवढी वर्षं मला वाटायचं माझी जीभ बाबांच्या घराण्यातून आली.

सकाळी उजाडतानाच आम्ही निघालो. हातगाडीवर हंडा, पळी, लाकडं, आणि दवाखान्याची ओली पोती. गल्लीतून जाताना दारं उघडत गेली. तपकीर मावशी गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली, तिच्यामागे तिच्या सुना, मग शेवटच्या घरातला म्हातारा, ज्याला दिसतही नाही, तो आपल्या दगडावर हात फिरवायला म्हणून.

कुलूप तिथेच होतं, मोहोर लावलेलं. मी साखळी ओढली. हलेना. दगड घेऊन मारला, दगड फुटला.

"सरक," बाबा म्हणाले.

त्यांच्या हातात इस्त्री होती. कोळशाची, पितळी, त्यांच्या बापाची. ती उचलायला मला दोन हात लागतात. ते वाकलेच होते, त्यांना वाकावं लागलं नाही. इस्त्री डोक्याच्या वर नेली. कंबर कडकडली, मला ऐकू आली. आणि हाणली. पहिल्या घावात मोहोर गेली. दुसऱ्यात कापड. तिसऱ्यात ते ओरडले, कळ आली म्हणून की आणखी कशाने माहीत नाही, आणि कुलूप उघडून खाली पडलं.

"टोक वाकलं इस्त्रीचं," मी म्हटलं.

"ठोकून सरळ करू," बाबा म्हणाले, आणि हौदाच्या कडेला बसले. हसत होते. दात दिसले. किती दिवसांनी.

नळ आधी खोकला, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. आईने आमच्या दगडावरची पांढरी पावडर हाताने धुतली. आधी कडा, मग खोली. पहिली चादर पिळून माझ्या हातात दिली. मी उचलली आणि आपटली. पाणी सरळ समोर गेलं, अंगावर एक थेंब नाही. मनगटाला बरं वाटलं. शेजारी मावशीने आपटली. मग पलीकडे, मग सगळीकडून, धप् धप् धप्, एकदम नाही, मागे-पुढे, जसं रोज असतं.

मशीन आलं ते आवाजावरून कळलं. पिवळं, दात्यांचं, धूळ उडवत. ते उताराच्या तोंडाशी थांबलं. प्रत्येक दगडावर माणूस होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खिडकीतून बाहेर वाकला, म्हणाला, "साहेब, माणसांवरून घालू का आता?"

कॉलर उतरला. आज कॉलर धुतलेली होती, पण घरी धुतलेली, कडा काळीच. "सरकारी कुलूप फोडलंय! एकेकाचं नाव लिहितो! सगळ्यांवर गुन्हा दाखल होईल!" त्याने वही काढली. सरळ आईकडे आला, कारण आई सगळ्यात जवळ होती. "नाव सांगा. पूर्ण."

आईने आपटणं थांबवलं नाही. एक, दोन. मग चादर पिळली, झटकली, आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर ताणून धरली. पाणी त्याच्या बुटांवर पडलं. मधोमध लाल टाके, ओले, आणखी गडद.

"हे लिहा," ती म्हणाली. "गावात सगळ्यांना वाचता येतं."